पूलचे पाणी आम्लधर्मी झाले, तर ते ओतून देऊ नका

उन्हाळ्याची सुट्टी लागली की धाराशिव, तुळजापूर, उमरगा या भागांतल्या शेतघरांवर पाहुण्यांची वर्दळ वाढते. पूर्वी मुले विहिरीत उड्या मारत. आता काही घरांच्या अंगणात आणि कृषी पर्यटन केंद्रांवर छोटे पोहण्याचे तलाव दिसतात. सुरुवातीचे काही दिवस पाणी काचेसारखे स्वच्छ असते. मग तक्रारी सुरू होतात. मुलांचे डोळे लाल होतात, अंग खाजते, शिडीच्या नळ्यांवर तांबूस डाग पडतात, फरशीच्या सांध्यांतले सिमेंट भुसभुशीत होते. पाणी मात्र दिसायला स्वच्छच असते. अशा वेळी बहुतेक घरांत एकच निर्णय होतो. मोटार लावा, पाणी काढा आणि पुन्हा भरा.

हा निर्णय या जिल्ह्याला परवडणारा नाही. २५ फूट लांब, १५ फूट रुंद आणि सरासरी साडेचार फूट खोल असा घरगुती तलाव घेतला, तर त्यात सुमारे ४८ हजार लिटर पाणी मावते. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. त्या हिशेबाने हे पाणी पाच जणांच्या कुटुंबाला जवळजवळ सहा महिने पुरेल. एप्रिल २०१६मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. म्हणजे घरचा एक तलाव रिकामा करणे हे त्या गाडीतली जवळजवळ एक वाघीण ओतून देण्यासारखे आहे. आम्लधर्मी झालेले पाणी बहुतेक वेळा चार-पाच किलो खाण्याच्या सोड्याने दोन-तीन दिवसांत दुरुस्त होते. अट एवढीच, की ते आम्लधर्मी का झाले हे आधी कळले पाहिजे.

सामू आणि पाण्याची सहनशक्ती

पाणी आम्ल आहे की विम्ल, हे सामूवरून कळते. माती परीक्षणाच्या अहवालात शेतकऱ्यांना हा शब्द नेहमी भेटतो. इंग्रजीतला पीएच तो हाच. डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ सोरेन सोरेनसन यांनी १९०९मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करताना ही मोजपट्टी मांडली. सात म्हणजे उदासीन, सातच्या खाली आम्ल आणि वर विम्ल. ही पट्टी दहापटींची आहे, हे विसरून चालत नाही. सामू ७ वरून ६ वर आला तर पाण्याची आम्लता दहापट वाढलेली असते आणि ५ वर आला तर शंभरपट. क्लोरीन वापरलेल्या तलावासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत ७.२ ते ७.८ हा पट्टा दिला आहे. आपल्या अश्रूंचा सामू सुमारे ७.४ असतो, म्हणून या पट्ट्यातले पाणी डोळ्यांना परके वाटत नाही.

सामू हे मात्र अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे अल्कलिनिटीत असते. पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट आत आलेले आम्ल शोषून घेतात आणि सामू चटकन घसरू देत नाहीत. पाण्याच्या या सहनशक्तीचे माप म्हणजे अल्कलिनिटी. ती प्रतिलिटर किती मिलिग्रॅम, अशी मोजतात आणि घरगुती तलावात साधारण ८० ते १२० असावी. ती संपत आली की थोड्याशा आम्लानेही सामू कोसळतो. घरातल्या शिलकीसारखेच हे आहे. शिल्लक असेपर्यंत खर्च जाणवत नाही आणि संपली की दहा रुपयांचीही अडचण होते. सामू कमी दिसला की अनेक जण थेट सामू वाढवायच्या मागे लागतात. तो दोन दिवसांत पुन्हा पडतो, कारण शिल्लक भरलेलीच नसते.

बोअरचे पाणी तर विम्ल, मग आम्ल आले कुठून?

धाराशिव जिल्हा दख्खनच्या काळ्या कातळावर, म्हणजे बेसाल्टवर वसला आहे. या खडकातून झिरपणाऱ्या भूजलात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतात. त्यामुळेच डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. अशा पाण्यात प्रतिलिटर २०० ते ३०० मिलिग्रॅम अल्कलिनिटी असणे नवलाचे नाही. द्राक्ष बागायतदारही फवारणीच्या पाण्याचा सामू वाढलेला असतो म्हणून त्यात सायट्रिक ॲसिड घालतात. अशा भागातला तलाव आम्लधर्मी झाला, तर आम्ल बहुधा जमिनीतून आलेले नसते, माणसाच्या हातून आलेले असते. त्याच्या चार वाटा आहेत.

पहिली वाट ॲसिडच्या कॅनची. ठिबकच्या नळ्यांत क्षार साचले की ॲसिड सोडून त्या साफ करण्याची पद्धत इथल्या शेतकऱ्यांना चांगली माहीत आहे. तलावाच्या कडेला पांढरा थर दिसला की तोच उपाय तिथे वापरला जातो. ३३ टक्के तीव्रतेचे एक लिटर हायड्रोक्लोरिक ॲसिड ५० हजार लिटरच्या तलावातली अल्कलिनिटी सुमारे १० मिलिग्रॅमने घटवते. दर आठवड्याला न मोजता दोन-तीन लिटर ओतत गेले, तर एका हंगामात शिल्लक संपते.

दुसरी वाट क्लोरीनच्या गोळ्यांची. तलावात तरंगत्या डब्यात ठेवतात त्या पांढऱ्या गोळ्या ट्रायक्लोरच्या असतात. त्या वापरायला सोप्या आणि उन्हात टिकणाऱ्या असतात. पण ट्रायक्लोर स्वतःच आम्लधर्मी आहे. त्याच्या एक टक्का द्रावणाचा सामू तीनच्या आसपास असतो. एक किलो गोळ्या विरघळून त्यांचे क्लोरीन वापरले गेले, की सुमारे सव्वा किलो खाण्याच्या सोड्याइतकी अल्कलिनिटी खर्च होते. ५० हजार लिटरच्या तलावात हा खर्च किलोमागे जवळपास १४ मिलिग्रॅम पडतो. बोअरच्या पाण्याने भरलेला तलाव असा मार बरेच दिवस सोसतो. आरओचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी भरले असेल, तर दोन-तीन किलो गोळ्यांतच सामू घसरू लागतो.

तिसरी वाट तुरटीची. गढूळ पाणी निवळायला तुरटी फिरवणे हा घरोघरचा जुना उपाय आहे. पाणी शुद्धीकरण केंद्रातही याच कुळातले रसायन वापरतात. मात्र गाळ खाली बसवताना तुरटी अल्कलिनिटी खाते. एका मिलिग्रॅममागे हा खर्च अर्ध्या मिलिग्रॅमपर्यंत जातो. धुळीच्या वाऱ्यानंतर दर वेळी मूठ-मूठ तुरटी टाकली, तर त्याची बेरीज मोठी होते.

चौथी वाट पावसाची. पावसाच्या पाण्यात अल्कलिनिटी जवळजवळ नसते. उन्हाळ्यात २५ बाय १५ फुटांच्या तलावाची पातळी एक सेंटिमीटरने उतरली, तर सुमारे साडेतीनशे लिटर पाणी उडून गेलेले असते. तेवढे पाणी बोअरमधून भरताना त्याबरोबर बायकार्बोनेटही येतात आणि शिल्लक आपोआप भरत राहते. पावसाळ्यात ही भर थांबते. वरून पडणारे पाणी तलावातल्या पाण्याला पातळ करते आणि जुने पाणी कडेवरून वाहून जाते. गोळ्यांचा डबा मात्र तरंगतच असतो. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये ठीक असलेले पाणी पावसाळ्यात बिघडलेले आढळू शकते.

दात, डोळे आणि भिंती

आम्लधर्मी पाण्यात क्लोरीन जंतू मारायला कमी पडत नाही, उलट अधिक जोमाने काम करते. क्लोरीन पाण्यात दोन रूपांत असते. त्यातले हायपोक्लोरस आम्ल हे जंतुनाशक म्हणून जोरदार असते. सामू ७.५ असताना त्याचा वाटा साधारण निम्मा असतो, ६.५ला तो नव्वद टक्क्यांपर्यंत जातो आणि ८.५ला दहा टक्क्यांवर येतो. मग सामू कमी राहिला तर बिघडले कुठे, असा प्रश्न कुणालाही पडेल.

बिघडते ते शरीराचे आणि बांधकामाचे. कमी सामूच्या पाण्याने डोळे आणि त्वचा चुरचुरतात. पोहणाऱ्यांचा घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाची संयुगे बनतात. त्यांतले सर्वांत त्रासदायक ट्रायक्लोरामाइन आम्लधर्मी पाण्यात जास्त तयार होते. तलावाजवळ नाकात शिरणारा जो वास ‘क्लोरीन जास्त झाल्याचा’ समजला जातो, तो बहुधा याच संयुगांचा असतो. दम्याच्या रुग्णांना तो अधिक जाणवतो.

सामू फारच खाली गेला तर दातही झिजतात. दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे इनॅमल, साधारण साडेपाचच्या खालच्या सामूत विरघळू लागते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एका खासगी क्लबच्या तलावात सराव करणाऱ्या जलतरणपटूंच्या दातांचे इनॅमल झिजल्याचे आढळले. तपासात त्या पाण्याचा सामू २.७च्या आसपास निघाला. सुरक्षित पट्ट्याच्या खालच्या टोकाशी तुलना केली, तर ही आम्लता सुमारे तीस हजारपट होते. तो तलाव क्लोरीन वायूने शुद्ध केला जात होता. क्लोरीन वायू पाण्यात मिसळला की आम्ल तयार होते आणि त्याच्या बरोबरीने सोडा घातला नाही तर सामू कोसळतो. कधीतरी पोहणाऱ्यांपेक्षा रोज सराव करणाऱ्या संघातल्या मुलांना हा त्रास खूप जास्त झाला होता. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसत असले, तरी त्याचा सामू दिसत नाही, हे या घटनेतून शिकण्यासारखे आहे.

भिंतींचे गणितही समजून घेण्याजोगे आहे. पाणी आम्लधर्मी झाले की ते सिमेंटमधले कॅल्शियम विरघळवून स्वतःची आम्लता भागवते. त्यामुळे सिमेंटच्या तलावात सामू काही दिवसांनी आपोआप थोडा वर येतो आणि घरच्यांना पाणी सुधारले असे वाटते. ही सुधारणा भिंतीच्या खर्चाने झालेली असते. खरखरीत झालेली फरशी आणि मोकळे झालेले सांधे ही तिची खूण. फायबरच्या किंवा प्लास्टिक कागदाच्या तलावात कॅल्शियम नसते, म्हणून तिथे सामू आणखी खाली जातो आणि पंप, शिडी, स्क्रू या धातूच्या भागांवर पाणी तुटून पडते.

आधी मोजा

दुरुस्तीची सुरुवात मोजण्यापासून होते. चार गोष्टी मोजाव्या लागतात. सामू, अल्कलिनिटी, मोकळे क्लोरीन आणि सायन्युरिक ॲसिड. शेवटचा पदार्थ ट्रायक्लोरच्या गोळ्यांतून पाण्यात उरतो. या चारही गोष्टींची चाचणी असलेले घरगुती संच बाजारात मिळतात. नमुना सकाळी घ्यावा. पृष्ठभागावरचा घेऊ नये, कोपरभर खोलीवरून घ्यावा. जिथून गाळलेले पाणी परत येते त्या तोंडापासून तो दूर असावा.

सामूच्या चाचणीत एक चकवा असतो. बहुतेक संचांत फेनॉल रेड हा रंगद्रव वापरतात. तो साधारण ६.८ ते ८.२ एवढ्याच पट्ट्यात रंग बदलतो. सामू ६.८ असो की ४, रंग पिवळाच दिसतो. म्हणून नळी पूर्ण पिवळी दिसली, तर सामू ६.८ आहे असे समजू नये. तो ‘६.८ किंवा त्याखाली कितीही’ आहे, असे धरावे. अशा वेळी माती-पाण्यासाठी वापरतात तो सामूमापक किंवा रुंद पट्ट्याची लिटमससारखी कागदी पट्टी उपयोगी पडते. क्लोरीन खूप जास्त असले तरी फेनॉल रेडचा रंग फसवा येतो. अल्कलिनिटीच्या थेंब-चाचणीत पहिल्याच थेंबाला रंग पालटला, तर शिल्लक शून्य आहे आणि सामू साडेचारच्याही खाली असण्याची शक्यता आहे. शंका असेल तर बाटलीभर पाणी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्यावे.

तलाव नुकताच बोअरच्या पाण्याने भरला असेल, तर मात्र एक दिवस थांबावे. खोल भूजलात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे ताज्या पाण्याचा सामू कमी दिसू शकतो. हवा लागली की हा वायू निघून जातो आणि सामू काही न घालता वर चढतो. भरल्या भरल्या सोडा टाकणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी सामू वाढलेला दिसतो, मग ते ॲसिड टाकतात. या खेळात दोन्ही रसायने वाया जातात आणि पाण्यातले क्षार वाढतात.

दुरुस्तीचा क्रम

सामू ७.२च्या खाली असेपर्यंत कुणालाही पाण्यात उतरू देऊ नये. नंतरचे काम या क्रमाने करावे.

पहिली पायरी म्हणजे आम्लाचा नळ बंद करणे. गोळ्यांचा तरंगता डबा बाहेर काढावा. ॲसिड आणि तुरटी थांबवावी. ओल्या गोळ्या बंद डब्यात कोंडून ठेवू नयेत. मोकळ्या हवेत, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवाव्यात.

दुसरी पायरी अल्कलिनिटी भरण्याची. त्यासाठी खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, सर्वांत सुरक्षित आहे. हिशेब सोपा आहे. दहा हजार लिटर पाण्याची अल्कलिनिटी १० मिलिग्रॅमने वाढवायला सुमारे १७० ग्रॅम सोडा लागतो. ५० हजार लिटरच्या तलावात ती ३० असेल आणि ८० करायची असेल, तर साधारण सव्वाचार किलो सोडा पुरतो. तो एकदम ओतू नये. निम्मा पहिल्या दिवशी, निम्मा दुसऱ्या दिवशी टाकावा. पंप चालू ठेवून, बादलीत विरघळवून, तलावाभोवती फिरत तो ओतावा. किमान सहा तास पाणी फिरल्यावर पुन्हा मोजावे. खाण्याच्या सोड्याचा स्वतःचा सामू ८.३च्या आसपास असतो. त्यामुळे हात थोडा सैल पडला तरी पाणी भयंकर विम्ल होत नाही.

तिसरी पायरी हवेची. सोडा आम्लाशी भेटला की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो पाण्यात राहिला तर सामू दबलेला राहतो. परतीच्या पाण्याचे तोंड वरच्या दिशेला वळवावे. कारंजे असेल तर ते सुरू करावे. पाणी खळखळले की वायू निघून जातो आणि सामू चढतो. या पायरीला विजेपलीकडे काही खर्च नाही, तरी ती बहुतेक जण गाळतात.

चौथी पायरी गरज असेल तरच. अल्कलिनिटी ८०च्या वर आली, दिवसभर पाणी खळखळले आणि तरीही सामू ७.२च्या खाली असेल, तर सोडा ॲश वापरावा. हा सोडियम कार्बोनेट खाण्याच्या सोड्यापेक्षा कितीतरी तीव्र असतो. दहा हजार लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे ५० हजार लिटरला पाव किलो, एवढ्यापासून सुरुवात करावी. चार तासांनी मोजावे आणि मगच पुढचा हप्ता द्यावा. धाराशिवच्या जड पाण्यात इथे घाई महागात पडते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असल्याने सोडा ॲश एकदम पडला की त्याचा चुन्यासारखा साका तयार होतो आणि तलाव दुधाळ दिसू लागतो. तसे झाले तर घाबरून तुरटी किंवा ॲसिड टाकू नये. गाळणी चालू ठेवावी, एक-दोन दिवसांत पाणी निवळते.

पाचवी पायरी क्लोरीनची. सामू ७.२ ते ७.६ यांच्या दरम्यान स्थिरावला की मोकळे क्लोरीन मोजावे. ते प्रतिलिटर १ ते ३ मिलिग्रॅम असावे. भर घालायची असेल, तर काही आठवडे गोळ्यांऐवजी ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यात वापरतात ती टीसीएल पावडर, म्हणजेच ब्लीचिंग पावडर, निवळून घ्यावी किंवा द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट वापरावे. हे दोन्ही पदार्थ विम्ल आहेत, त्यामुळे सामू खाली ओढला जात नाही. ब्लीचिंग पावडरने जड पाण्यात चुन्याचा अंश आणखी वाढतो, म्हणून तिचा गाळ तलावात जाऊ देऊ नये.

जिवावर बेतणाऱ्या चुका

ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू तयार होतो. ठिबकच्या नळ्यांना ॲसिडची आणि क्लोरीनची प्रक्रिया एकाच वेळी करू नये, हा नियम याच कारणासाठी आहे. तलावालाही तो लागू होतो. एकाच बादलीत, एकाच मापाने, एकाच डब्यात ही रसायने हाताळू नयेत. ट्रायक्लोरच्या गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर ही दोन्ही क्लोरीनचीच रूपे असली, तरी ती ओलसर अवस्थेत एकत्र आली तर स्फोट होऊ शकतो. रसायन नेहमी पाण्यात टाकावे. रसायनावर पाणी ओतू नये. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. वायू नाकात गेल्यास ताबडतोब मोकळ्या हवेत जावे. रसायन डोळ्यांत उडाल्यास वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

सामू वाढवायला कॉस्टिक सोडा वापरू नये. त्याने त्वचा भाजते आणि सामू क्षणात हाताबाहेर जातो. भिंतीला लावायचा चुनाही नको. तो नीट विरघळत नाही आणि जड पाण्यात आधीच असलेल्या कॅल्शियममध्ये भर घालतो.

पाणी बदलावेच लागते तेव्हा

ओतून देऊ नका, या सल्ल्याला एक अपवाद आहे. ट्रायक्लोरच्या एक किलो गोळ्यांतून निम्म्याहून जास्त वजनाचे सायन्युरिक ॲसिड पाण्यात उरते. थोड्या प्रमाणात ते उपयोगी असते, कारण ते क्लोरीनला उन्हापासून वाचवते. पण ते उडून जात नाही आणि कुठल्या सोड्याने कमीही होत नाही. प्रतिलिटर १०० मिलिग्रॅमच्या वर गेले की ते क्लोरीनला इतके जखडून ठेवते, की जंतू मरायला वेळ लागतो. चाचणीत क्लोरीन भरपूर दिसते आणि तरी पाणी हिरवट होते. अशा वेळी ते कमी करायला पाणी बदलण्याचाच मार्ग उरतो.

तरीही सगळे पाणी काढायची गरज नसते. सायन्युरिक ॲसिड १५० असेल आणि निम्मे पाणी बदलले, तर ते ७५वर येते. काढायच्या पाण्यात आठवडाभर क्लोरीन घालू नये. उन्हाने ते संपते. चाचणीत शून्य आले की ते पाणी बांधावरच्या झाडांना थोडे थोडे विभागून देता येते. सोड्यामुळे त्यात सोडियम वाढलेले असते, म्हणून एकाच जागी, द्राक्षबागेत किंवा भाजीपाल्याच्या वाफ्यात ते सोडू नये. विहिरीत किंवा ओढ्यात तर मुळीच नाही. हे काम शक्यतो पावसाळ्यात करावे, म्हणजे पुन्हा भरताना बोअरवर भार पडत नाही. पावसाच्या पाण्याने भरल्यावर मात्र अल्कलिनिटी लगेच मोजावी. ती कमीच असणार.

भिंतीवरची वही

घरगुती तलावाला महागडी यंत्रणा लागत नाही. पंपाच्या खोलीत एक वही टांगावी. पोहणे चालू असताना सामू आणि क्लोरीन रोज, अल्कलिनिटी आठवड्यातून एकदा आणि सायन्युरिक ॲसिड महिन्यातून एकदा मोजून तारखेसह लिहावे. काय टाकले आणि किती टाकले, हेही लिहावे. मोठा पाऊस पडून गेल्यावर किंवा टँकरचे पाणी भरल्यावर जादा मोजणी करावी. दोन-तीन महिन्यांच्या नोंदी समोर असल्या, की अल्कलिनिटी १२० वरून ९०, ९० वरून ६० अशी उतरताना दिसते आणि सामू कोसळण्याच्या आधीच किलो-दीड किलो सोड्यात काम भागते. पोहण्याआधी प्रत्येकाने साध्या पाण्याने अंग धुतले तर क्लोरीन कमी लागते, गोळ्या कमी विरघळतात आणि आम्लही कमी तयार होते. बाष्पीभवन रोखायला रात्री आणि वापर नसताना तलावावर आच्छादन टाकावे. त्याने पाणी वाचते आणि धूळही पडत नाही. मात्र रसायन टाकल्यावर लगेच आच्छादन घालू नये. वायू आधी निघून जाऊ द्यावा.